वर्गात शिरण्याआधी तुम्ही देवाकडे काय मागता?

अग्रशाळा

नमस्कार मंडळी. थोडे लांबेल, सांभाळून घ्या.

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे भाविकांच्या उतरायच्या इमारतीत, दर रविवारी सकाळी ११ ते १२ मुलांचा संस्कार वर्ग भरतो. चार ते सात वर्षांची चौदा मुले आहेत. आधी ज्या काकी वर्ग घ्यायच्या त्यांना गुडघ्यांमुळे जिना चढवेना, म्हणून आषाढापासून मी घेते. मी शिक्षिका नाही, बँकेत नोकरी करते. श्लोक पाठ आहेत आणि मुलांची आवड आहे, तेवढ्या भांडवलावर हो म्हटले.

गेल्या रविवारी माझ्या हातून चूक झाली. पाच वर्षांचा एक मुलगा आहे. श्लोक म्हणायला लागलो की तो जमिनीवर आडवा होतो. गालच टेकवतो फळ्यांना. दोन-तीनदा सांगून पाहिले, मग दंडाला धरून उठवले आणि मोठ्याने म्हणाले, 'हात जोड आधी!' तो रडला नाही. हात पाठीमागे घेतला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. बारा वाजता आज्जी न्यायला आली तेव्हा माझ्याकडे न बघता जिना उतरला. देवाच्या दारात, देवाचे नाव शिकवताना मी त्या लेकराचा हात ओढला, हे मनातून जात नाही.

काकी वर्गाआधी दीपस्तंभाजवळ दोन मिनिटे डोळे मिटून उभ्या राहायच्या. मीही राहते. पण 'देवा, मला नीट शिकवायची बुद्धी दे' याच्या पुढे शब्द सुचत नाहीत. परीक्षेला जाताना म्हणायचो तसलेच ते.

तुमच्यातले जे लहान मुलांना शिकवतात, मग शाळा असो, अंगणवाडी असो की घरची शिकवणी, ते आधी काय म्हणतात? आणि मनात एखादी गोष्ट आली, तर ती देवाने सुचवली की आपलेच मन बोलले, हे कसे ओळखायचे?

---

पेडणेकरीण

ताई, आमची आजी शिकलेली नव्हती, पण नातवंडांना घेऊन बसायच्या आधी समईची वात पुढे सारायची आणि 'अंतरीचा ज्ञानदिवा मालवू नको रे' एवढेच गुणगुणायची. सोहिरोबानाथ आंबियांचे पद. आमच्या विर्नोड्यातल्या सरकारी कॉलेजाला त्यांचेच नाव आहे. लहानपणी वाटायचे ती आम्हाला सांगते आहे. आता मी माझ्या मुलीचा अभ्यास घेते तेव्हा कळते, ती स्वतःला बजावत होती. राग आला की पहिला तो दिवा जातो.

---

वाळपईचे मास्तर

ताई, सत्तरी तालुक्यातल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळांत मी चौतीस वर्षे शिकवले, बहुतेक काळ पहिली-दुसरीला. तुमचे लिहिणे वाचून रात्री झोप लागली नाही. असे दंड मीही धरले आहेत. ज्यांचे धरले त्यांतले काही आज बाजारात भेटतात, 'मास्तर, चहा घ्या' म्हणतात, आणि मला मात्र तो दंडच आठवतो.

माझे वडील गोवा मुक्तीच्या आधीच्या काळात एका ओसरीवरच्या शाळेत शिकले. पाटीवर पहिल्यांदा 'श्रीगणेशाय नमः' गिरवायचे, मग 'ॐ नमः सिद्धम्', आणि मगच अ आ इ. ते सांगायचे की मुलाच्या हातावर हात ठेवून मास्तर स्वतः ती पहिली ओळ गिरवत. म्हणजे प्रार्थना एकाची नव्हती, दोन हातांची होती.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. 'सह नाववतु' आपण सगळेच म्हणतो. कठ आणि तैत्तिरीय उपनिषदांचा शांतिपाठ. मी नोकरीची पहिली सात-आठ वर्षे तो नुसता घोकला. मग पणजीच्या एका शिबिरात एका वृद्ध शास्त्रीबुवांनी व्याकरण उलगडून दाखवले. त्यातले 'नौ' हे द्विवचन आहे. संस्कृतात एक, दोन आणि अनेक असे वेगळे धरतात. इथे 'आम्हा सर्वांचे' नाही, 'आम्हा दोघांचे' आहे. गुरू आणि शिष्य, बस. आम्हा दोघांचे रक्षण होवो, आम्हा दोघांना पोषण मिळो, आम्ही दोघे मिळून सामर्थ्याचे काम करू, आम्हा दोघांचे शिकणे तेजस्वी होवो. शेवटी 'मा विद्विषावहै', आम्ही दोघे एकमेकांचा द्वेष न करो.

द्वेष हा शब्द तिथे कशाला, हे मला फार दिवस कळत नव्हते. वर्गात कळले. एखादे मूल रोज ऐकत नाही, रोज पाटी सांडते, रोज शेजारच्याला चिमटा काढते, आणि आपल्या मनात त्याच्याविषयी एक कडू गोळी तयार होते. आपण तिला शिस्त म्हणतो. पोराला ती बरोबर कळते आणि तेही आपल्यावर रुसते. ऋषींना हे माहीत असणार, म्हणून शिकवणे सुरू व्हायच्या आधीच ते मागून ठेवले.

त्या दिवसापासून मी एक केले. चौदा मुले म्हणजे चौदा जोड्या. रात्री हजेरीपट उघडायचा आणि एकेका नावावर बोट ठेवून 'आम्हा दोघांचे' म्हणायचे. बत्तीस पोरे असली तर दहा मिनिटे लागतात. ज्या नावावर बोट अडखळते, ज्याच्यापाशी मन आखडते, तिथे थांबायचे. माझ्या अनुभवात देव काही सांगतो तो त्याच नावापाशी. दुसऱ्या कुठल्या मार्गाने मला कधी काही सुचले नाही.

तुमचे नाव तर तुम्हाला आधीच सापडले आहे.

---

अंगणवाडी केपे

मास्तरांना नमस्कार.

मला हजेरीपट उघडून बसायला वेळ नाही, खरेच सांगते. साडेआठला कुलूप काढायचे, केर काढायचा, पाणी भरायचे, तोवर पहिली आई दारात. मी केर काढता काढताच म्हणते. ज्या कोपऱ्यात जे मूल बसते तिथे झाडू गेला की त्याचे नाव. देवाला चालत असावे, एकोणीस वर्षे निभावले त्याने.

पण ताई, एक स्पष्ट बोलते, राग मानू नकोस. प्रार्थना केली म्हणून तयारीतून सुटका नाही. आमच्याकडे एक नवी मुलगी आली होती, खूप भाविक. डोळे मिटून पाच मिनिटे बसायची आणि मग तीन वर्षांच्या पोरांना अर्धा तास एका जागी बसवून गोष्ट सांगायची. पोरे पळणारच. या वयाच्या मुलाला दहा मिनिटांवर एका जागी ठेवू नये. गोष्ट, मग उठून टाळ्या, मग चित्र, मग पाणी. आणि तू खाली बस. खुर्चीवरून बोलू नकोस. तुझे डोळे त्याच्या डोळ्यांसमोर आले पाहिजेत.

आणि मला सांग, तो पोरगा आडवा होतो तो *कधी*? तास सुरू झाल्याबरोबर, मध्ये, की शेवटी? भुकेला असतो का? झोपेला आलेला असतो? आधी हे बघून ठेव, मग देवाकडे जा. रिकाम्या हाताने जाऊ नये.

---

अग्रशाळा

राग कसला, ताई. कधी आडवा होतो हे मी बघितलेच नाही. आडवा झाला एवढेच बघितले.

मास्तर, तुमचे उत्तर दोनदा वाचले. आजपासून चौदा नावे.

---

कौलप्रश्न

एक विचारू का? माझ्या मावशीचे म्हणणे असे की असा प्रसंग झाला तर देवाला कौल लावावा, वर्ग पुढे घ्यायचा की सोडायचा ते कळेल. तुम्ही देवळातच शिकवता, तर सोपे आहे. करावे का?

---

भटवाडा

आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या देवाची पूजा आहे, म्हणून लिहितो. पाण्यात भिजवलेल्या पाकळ्या मूर्तीला लावून प्रसाद घेतात. उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. लोक लग्नाला, जमिनीला, आजारपणाला येतात. जो येतो तो आतून पिळवटून आलेला असतो, त्यामुळे मी त्याला कधी हलके लेखत नाही.

पण कौल 'हो की नाही' याचा असतो. 'कसे' याचे उत्तर पाकळीत नाही. या ताईंचा प्रश्न वर्ग घ्यावा की नाही हा नाहीच. मुलाला दुखावले, आता त्याच्यापाशी कसे जावे, हा आहे. त्यासाठी आपल्याकडे गाऱ्हाणे आहे. गाऱ्हाण्यात आधी काय झाले ते सरळ सांगतात, चूक कोणाची ती कबूल करतात, मग मागतात. त्याच क्रमाने. कबुलीआधी मागणे केले तर गाऱ्हाणे उलटे झाले, असे माझे आजोबा म्हणायचे.

दीपस्तंभाजवळ उभे राहून मनात तेच म्हणा, ताई. आपल्या भाषेत, साध्या शब्दांत.

---

साष्टीची टीचर

हांव ख्रिस्तांव. पण प्राथमिक शाळा मराठीतून झाली, कुडचड्याकडे, म्हणून इथे वाचत असते. चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

आमच्या चर्चमध्ये मी आयतारी, म्हणजे रविवारी, मीस झाल्यावर लहान मुलांना दोतोर्न, म्हणजे धर्माचे धडे, शिकवते. पहिल्या कम्युनियनच्या विधीआधीची मुले. आमच्यात शिकवण्याआधी पवित्र आत्म्याला बोलावतात. शिकवणाऱ्या आम्ही पाच-सहा जणी वर्गाबाहेर हात धरून उभ्या राहतो आणि 'तू ये, आमच्या तोंडात तुझे उतर (शब्द) घाल' असे काहीसे म्हणतो. मग मी एकटी अजून एक वाक्य जोडते: 'आज माझ्यापेक्षा भुरग्यांचे (मुलांचे) जास्त ऐकू दे.'

मला इथे एक गोष्ट आठवली. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण', 1616 साली आमच्या रायतूरला छापले. मराठीत, ओवीत. त्याची सुरुवात नमनानेच होते, 'वो नमो विश्वभरिता, देवा बापा सर्वसमर्था'. इंग्लंडात जन्मलेला माणूस, 1579 मध्ये गोव्यात आला, आणि ग्रंथ लिहायला बसला तेव्हा इथल्या रीतीप्रमाणे आधी नमन केले. आणि पुढे प्रसंग कोणता? साष्टीत आयतारी एक पाद्री मुलांना दोतोर्न शिकवत असतो, आणि ऐकणाऱ्यांतला एक जण उठून म्हणतो, आमच्या जुन्या पुराणांच्या जागी आमच्या भाषेत काही तरी द्या. एवढा मोठा ग्रंथ, आणि त्याच्या मुळाशी रविवारचा मुलांचा वर्ग आणि कोणाचे तरी एक मागणे. हे मला कॉलेजात कळले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले होते. त्याच वाटेने मी आयतारी चालत जाते ना.

त्यामुळे ताई, तुझा तो भुरगो काही तरी मागत असेल. तोंडाने नाही, आडवा होऊन. कोण जाणे.

आणि एक. तो घरी कोंकणी बोलतो ना? तू त्याच्याशी कोणत्या भाषेत रागावलीस? श्लोक मराठीतच राहू दे, पण माफी त्याच्या घरच्या भाषेत माग.

---

शांत वर्ग

मी वेगळ्या बाजूने लिहिते. मी देव मानत नाही. वास्कोत बालवाडी चालवते. तरी हा धागा तीनदा वाचला, कारण वर्गाआधीची दोन मिनिटे मीही सोडत नाही.

मारिया माँटेसोरींनी 1907 मध्ये रोममधल्या गरीब वस्तीत पहिले बालगृह काढले. त्यांचा आग्रह असा की शिक्षकाने साहित्य मांडण्याआधी स्वतःला आतून तयार केले पाहिजे. राग आणि गर्व या दोन खोडी त्यांनी नावे घेऊन सांगितल्या आहेत. ताराबाई मोडकांनी 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा केला, पुढे बोर्डी आणि कोसबाडला अनुताई वाघांसह हेच काम आदिवासी मुलांच्या अंगणापर्यंत नेले. आपल्या 'अंगणवाडी' या शब्दामागे ते अंगण आहे.

माँटेसोरींचा शांततेचा खेळ तुमच्या वर्गात करून पाहा. सगळी मुले डोळे मिटून गप्प बसतात. तुम्ही दूर दाराशी जाऊन एकेकाचे नाव कुजबुजत घेता. ज्याचे नाव आले तो पाय न वाजवता तुमच्यापाशी येतो. ज्या मुलांना आपण चंचल म्हणतो ती सगळ्यांत शेवटपर्यंत थांबतात, आपले नाव येईल म्हणून. मास्तर हजेरीपटावर जे करतात, ते मी मुलांच्या कानात करते. मी त्याला प्रार्थना म्हणत नाही. तुम्ही म्हणालात तर माझी हरकत नाही.

---

वाळपईचे मास्तर

बाई, हरकत कशाला. तुमचा खेळ मी माझ्या नातीवर आजच करणार.

एक सरकारी बाजूही लिहून ठेवतो, कारण नवे शिक्षक वाचत असतील. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कोणाला उपासनेला बसण्याची सक्ती करता येत नाही. राज्यघटनेचे कलम 28. माझ्या वर्गात हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सगळी पोरे होती. म्हणून माझे 'सह नाववतु' घरी, हजेरीपटावर. वर्गात साने गुरुजींचे 'खरा तो एकची धर्म' आणि नंतर एक मिनिट गप्प. त्या मिनिटात कोणी कोणाला हाक मारली, ते मी विचारले नाही.

---

अग्रशाळा

सगळ्यांना उत्तर द्यायला तीन आठवडे घेतले, माफ करा. आधी काही तरी घडू दे, मग लिहू, असे वाटले.

पहिल्या रविवारी तो आलाच नाही. मी रोज रात्री चौदा नावे घेत होते. तेरा सरळ जायची आणि चौदाव्यापाशी बोट थांबायचे. भटवाडांनी सांगितले तसे आधी कबूल केले: 'मी त्याचा हात ओढला. चौदा आयांसमोर माझा वर्ग शिस्तीचा दिसावा म्हणून ओढला.' हे दुसरे वाक्य मला माहीतच नव्हते. चौथ्या-पाचव्या रात्री ते आपोआप तोंडातून आले. मग रडले थोडी.

पुढच्या रविवारीही तो नव्हता. वर्ग सुटल्यावर मी खाली न जाता वरच थांबले, अनवाणी, खिडकीशी, तो उभा राहिला होता तिथे. आरतीची नौबत चालू होती. आमची खोली वरच्या मजल्यावर आहे, फळ्यांची जमीन, आणि नगारखाना अगदी लागून. रोज पावणेबाराला नगारा सुरू होतो, तेव्हा मला आवाज चढवून शिकवावे लागते, त्यामुळे मला त्याचा त्रासच वाटायचा. त्या दिवशी डोळे मिटून त्या मुलाचे नाव घेत होते आणि तळपायाला काही तरी लागले. ठोका. प्रत्येक ठोका फळीतून पायात येत होता.

मी गुडघ्यावर बसले. मग गाल टेकवला. कानात नव्हे, हाडात ऐकू येत होते. घुम, घुम, मध्ये शिसवी फळीची बारीक थरथर, आणि फटीतून खालच्या उदबत्तीचा वास. अंगणवाडीच्या ताईंनी विचारले होते ना, कधी आडवा होतो? शेवटच्या पंधरा मिनिटांत. नौबत सुरू झाली की.

हे देवाने सुचवले की माझ्या मनाने, असे मी धाग्याच्या सुरुवातीला विचारले होते. आता मला तो प्रश्नच उरलेला नाही. इतकेच सांगते, नाव घेत नसते तर त्या खिडकीशी मी थांबले नसते.

संध्याकाळी त्याच्या घरी गेले. आज्जी चुलीपाशी होती, तो पायरीवर. मी त्याच्या खालच्या पायरीवर बसले. टीचरबाईंचे ऐकून कोंकणीत म्हटले, 'बाबा, हांवें तुजो हात ओडलो. म्हजी चूक जाली.' तो काही बोलला नाही. आत गेला आणि बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा घेऊन आला. माझ्या हातात दिला, झाकण खाली करून, आणि स्वतः त्यावर दोन बोटांनी वाजवून दाखवले. नौबतच होती ती, चुकत-माकत, पण तीच. आज्जी म्हणाली, 'दीसभर हेंच करता.'

या रविवारी आला. पावणेबाराला नगारा सुरू झाला तेव्हा मी शिकवणे थांबवले आणि म्हटले, चला, सगळे आडवे होऊ या. चौदा मुले आणि मी, गाल फळ्यांवर. कोणी हसले, एकीच्या नाकात धूळ गेली, मग हळूहळू सगळे गप्प झाले. तो माझ्या बाजूला होता, डोळे उघडे ठेवून, माझ्या तोंडाकडे बघत, मला ऐकू येते की नाही ते तपासत. मी मान हलवली.

मग उठून बसलो आणि 'गणाधीश जो ईश' फळीवर वाजवून म्हटले. मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत, एक लहान आणि दोन मोठे, एक लहान आणि दोन मोठे, ओळीत चार वेळा. ग-णा-धी, श-जो-ई. मी वर्षानुवर्षे म्हणते, पण ते वाजवता येते हे कधी लक्षात आले नव्हते. लहान अक्षराला बोट, मोठ्याला तळहात. त्याला दुसऱ्या वेळेलाच जमले. चौथ्या वेळेला तो बाकीच्यांना शिकवत होता.

हात त्याने अजून जोडले नाहीत. तळहात फळीवरच होते. मी काही म्हटले नाही.

---

साष्टीची टीचर

देव बरें करूं, बाय. वाचून कितीतरी वेळ नुसती बसले.

---

अंगणवाडी केपे

आडवे व्हायच्या आधी फळ्या ओल्या फडक्याने पुसून घे. पावसात कुबट येते, पोरांना शिंका येतील. आणि खिळे बघून ठेव.

---

वाळपईचे मास्तर

ताई, नगारा वाजवणाऱ्यांना विचारा, एखाद्या रविवारी त्याला वर नेऊन चामड्यावर हात ठेवू देतील का. चवथीच्या आधी विचारा, नंतर ते मोकळे नसतात.

---

अग्रशाळा

विचारले आहे. पुढच्या रविवारी साडेअकराला बोलावले आहे, आज्जीसह.